पोटावरची वाटी

फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते. फोन रूपालीचा होता, म्हणजे माझ्या नणंदेच्या सुनेचा. "मामी, आई गेल्या," एवढंच म्हणून ती रडायला लागली. मी म्हणाले, "बरं." आता माझं मलाच नवल वाटतं, पण खरंच "बरं" म्हणाले... भाजीवाल्याने कोथिंबीर संपली सांगितल्यावर म्हणावं तसं. मग ताटलीत उरलेल्या पाकळ्या सोलल्या, सालं कागदात गुंडाळून टाकली, हात धुतले, साडी बदलली आणि रिक्षा बघायला खाली उतरले. कात्रपच्या माझ्या घरून अंबरनाथ पश्चिमेला वन्संच्या घरी पोचेपर्यंत डोळ्यांतून टिपूस नाही. तिथे पोचल्यावरही नाही. बायका रूपालीला धरून रडत होत्या, आणि मी आपली कुणाला सतरंजी दे, कुणाच्या लेकराला शेजारच्या घरात नेऊन बसव, स्टुलावरच्या औषधांच्या बाटल्या उचल, असं करत फिरत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "मंदाबाई भारी खंबीर हो." हा शब्द मला आधीही मिळाला होता, आमचे हे गेले तेव्हा. लोक तो बक्षीस दिल्यासारखा देतात. त्या खंबीरपणात काय कोंबलेलं आहे ते एकट्या सुलभावन्संनी ओळखलं होतं, आणि त्या तर समोर चटईवर डोळे मिटून पडल्या होत्या.

आणखी एक बाई म्हणाली, "एवढा व्यायाम करायची, पण उपयोग काय? शेवटी गेलीच ना!" मला असा संताप आला म्हणून सांगू! जशी काही व्यायाम करणाऱ्याला यमाने सूटच द्यायची असते. वन्संनी व्यायाम मरण चुकवायला केलाच नव्हता. कशासाठी केला ते त्या बाईला तिथे, मयताच्या घरात, सांगत बसणं बरं दिसलं नसतं. म्हणून आता, महिना उलटून गेल्यावर, इथे लिहिते आहे.

सुलभावन्सं माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. माहेर कुळगावचं, जुनं शेतकरी घर. आता त्या शेतांवर इमारती उभ्या आहेत, पण वन्संचं बोलणं शेवटपर्यंत गावचंच राहिलं. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा मला सुकटीचा वास सोसेना आणि त्यांना माझी बाजरीची भाकरी घशाखाली उतरेना, त्यामुळे सुरुवातीला आमचं बोलणं मीठमिरचीपुरतंच होतं. उल्हासनगरला एका सिंधी शेठचं कापडाचं दुकान होतं, तिथे त्या ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. लग्नानंतरचा माझा पहिला ब्लाउज त्यांनीच शिवला. माप घेताना टेप माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "उजवा खांदा खाली हाय गो तुझा. लहानपणी पाण्याची बादली याच हातानं आणायचीस ना?" विहीर आमच्या घरापासून लांब होती, आणि बादली मी उजव्याच हातानं आणायचे. आईला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, आणि या बाईला टेपवरून कळलं! ब्लाउज मात्र असा बेतला होता की खांदा वर-खाली आहे असं बघणाऱ्याला कधी कळलं नाही.

आयुष्यभर दुसऱ्यांची अंगं मापता मापता पन्नाशी उलटल्यावर त्यांचीच पाठ गेली. मशीनवर वाकून वाकून दुसरं काय होणार! त्याच सुमाराला शेठची मुलगी कशिश मुंबईहून पिलाटेस नावाचा व्यायाम शिकून आली आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिथे आधी कापडाचे तागे रचलेले असायचे, तिथे तिने वर्ग काढायचं ठरवलं. पण उल्हासनगरात त्या वेळी हे नावच कुणी ऐकलं नव्हतं, शिकायला येणार कोण? तिने वन्संनाच गळ घातली. "आंटी, आपकी कमर मुझे दे दो, ठीक करके वापस दूँगी." वन्सं म्हणाल्या, "घे बाय, नायतरी माझ्या काय कामाची राहिली नाय." असं त्यांचं शिक्षण सुरू झालं. मग आमच्याकडे आल्या की चहा ठेवायच्या आधी मला ऐकवायच्या, "मंदे, ती पोरगी सांगते श्वास नुसता पोटात नको, फासळ्यांत घे, बाजूला घे, पाठीत घे. पाठीत श्वास जातो, तुला ठाऊक हाय?" मी म्हणायचे, "वन्सं, श्वास नाकात जातो एवढं मला ठाऊक आहे, पुढचं त्याचं त्याला बघू दे."

पिलाटेस हे नाव काही त्यांच्या तोंडात बसलं नाही. त्या त्याला 'आतला व्यायाम' म्हणायच्या. आणि नाव अगदी बरोबर होतं, कारण बाहेरून बघणाऱ्याला त्यात काडीचं काही दिसत नाही. बाई उताणी पडलीय, गुडघे दुमडलेत, एक पाय जरासा उचलते, ठेवते. उठताना पाठीचा एकेक मणका जमिनीवरून सुटा करते, आणि पुन्हा एकेक टेकवते, घाई नाही. मी टिंगल करायचे, "एवढ्यासाठी उल्हासनगरला कशाला जायचं, एवढं मी झोपेत करते." त्या शांतपणे म्हणायच्या, "झोपेतच करतेस. म्हणून तर सांगते, एकदा जागेपणी करून बघ." वर्षा-दोन वर्षांत त्यांची पाठ सुधारली, पण खरा बदल पाठीत नव्हता. उभं राहणं बदललं, रागावणं बदललं. पूर्वी सुनेवर खेकसायच्या, आता तोंड उघडण्याआधी थांबायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "दात आवळलेत." मग दात सोडायच्या, आणि दातांबरोबर अर्धं भांडणही सुटायचं. रूपाली कशिशला दुवा द्यायची. पुढे कशिशनेच त्यांना शिकवायला उभं केलं.

मग आमचे हे गेले. संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या जागी गेले, पाणी मागायलासुद्धा वेळ मिळाला नाही. मी रडले नाही. रडू आलंच नाही. कंपनीत वर्षानुवर्षं पॅकिंगची लाइन सांभाळलेली बाई मी, लाइन थांबू द्यायची नाही हेच अंगात मुरलेलं. दिवसकार्य, बँक, पेन्शन, सगळं निस्तरलं. महिन्याभराने पाठ धरली. चपलेचा बंद लावायला वाकता येईना, आणि श्वास घेतला की छातीत मध्येच अडायचा. मुलगा पुण्याहून आला, डॉक्टर झाले, फोटो झाले. फोटोत काही नाही. डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडलेत, ताण घेऊ नका. ताण जसा काही मी पिशवी घेऊन बाजारातून आणत होते! वन्सं म्हणाल्या, चल उल्हासनगरला. मी म्हणाले, मला कुठेच यायचं नाही. त्यांनी वाद घातला नाही. आमच्याच सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून त्यांनी हॉल मागितला आणि वर्ग माझ्या दारात आणला.

त्या पहिल्या वर्गाची गंमत सांगायलाच हवी. सेक्रेटरींना पिलाटेस हा शब्द लिहिता येईना, म्हणून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला : "रविवारी चार वाजता हॉलमध्ये महिलांसाठी कार्यक्रम. प्रत्येकीने येताना एक चटई व एक वाटी आणावी." नुकतीच संक्रांत झालेली. बायका, हॉल आणि वाटी, म्हणजे हळदीकुंकूच, यात कुणाला शंका? सगळ्या जणी काठापदराच्या साड्या नेसून, गजरे माळून आल्या. वाट्यांत तिळगूळ, कुणी वाटीच वाण म्हणून द्यायला आणलेली. कदमकाकू तर करंडा आणि अत्तरदाणी घेऊन आल्या होत्या. आणि मधोमध वन्सं, टी-शर्ट आणि ट्रॅकपॅंटमध्ये, मांडी घालून बसलेल्या! मी भिंतीला धरत धरत दारापर्यंत आले, करंडा पाहिला आणि तिथूनच मागे वळले. हे जाऊन वर्ष सोडा, तीन महिने झाले नव्हते. मला काय हळदीकुंकवाला बसायचं होतं?

"मंदे, कुठं निघालीस?" वन्संनी हॉलभर ऐकू जाईल असं विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कदमकाकू बिचाऱ्या करंडा हातात धरून उभ्या, लावावं की लावू नये अशा पेचात. वन्सं स्वतः कितीतरी वर्षांच्या विधवा, शिवाय गेलेला माणूस त्यांचाच पाठचा भाऊ. त्यांनी आपलं कपाळ पुढे केलं आणि म्हणाल्या, "लाव गो बाय. आम्हांलापण कपाळ हाय." काकूंनी त्यांना लावलं, मग मला लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मागच्या दोघी-तिघी पदराने डोळे टिपत होत्या... आणि जिच्या कपाळावर कुंकू लागलं त्या मलाच काही वाटत नव्हतं. बोट लागल्याचंसुद्धा नीट कळलं नाही.

मग वन्सं म्हणाल्या, "आता पदर खोचा आणि उताण्या पडा." काय हशा पिकला! तिळगूळ खाऊन वाट्या रिकाम्या झाल्या. प्रत्येकीने गुडघे दुमडून, बेंबीच्या खाली पाण्याने भरलेली वाटी ठेवायची. कंबर कुठे कलली आहे ते पाणी सांगतं. छातीकडे कललं तर एक चूक, पायांकडे कललं तर दुसरी. पण आमच्या बायकांनी त्याची स्पर्धाच केली, कुणाचं सांडतं आणि कुणाचं नाही. कुणाची साडी भिजली, कुणी किंचाळली, कुणी हसली म्हणून पाणी सांडलं आणि सांडलं म्हणून आणखी हसली. माझ्या वाटीतलं पाणी मात्र जिथल्या तिथे. कदमकाकू कौतुकाने ओरडल्या, "अगोबाई, मंदाताईंची बघा! एक थेंब नाही." टाळ्यासुद्धा वाजल्या. वन्सं माझ्याजवळ येऊन बसल्या, बराच वेळ वाटीकडे बघत राहिल्या, आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "तुझी वाटी हलत नाय, कारण तू श्वासच घेत नाय. पाणी हललं पाहिजे गो. थोडं सांडलं तर पुसू." त्यांनी माझ्या शेवटच्या फासळीवर तळहात ठेवला. "इथं घे. माझ्या हाताला लागू दे." मी प्रयत्न केला. श्वास बोटभर आत गेला आणि बंद दारावर आपटल्यासारखा परत आला. "नाय जात? राहू दे. परत कधीतरी."

मग दर रविवारी आमचा वर्ग भरायला लागला. खोटं कशाला बोलू, पाठ सुटली. मी वाकायला लागले, मांडी घालून जेवायला लागले. पण त्याहून चमत्कारिक म्हणजे, इतकी वर्षं ज्या अंगात राहिले त्याच्याशी माझी ओळख व्हायला लागली. रांगेत उभी असले की कळायचं, सगळा भार डाव्या पायावर टाकला आहे. मुलाशी फोनवर वाद झाला की चपलेत पायाची बोटं आखडतात. खोटं हसले की खांदे कानाशी जातात. वन्सं तर कुठेही धरायच्या. कुळगावच्या बाजारात मी भेंडी निवडतेय आणि ह्या विचारतायत, "आत्ता जीभ कुठं हाय तुझी? टाळूला चिकटलीय का मोकळी हाय?" मी म्हणायचे, "वन्सं, मला भेंडी घेऊ द्या हो, भाजीवाला बघतोय." भाजीवाला खरंच आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघायचा.

अशाच एका संध्याकाळी वर्ग संपवून आम्ही दोघीच हॉलमध्ये चटया गुंडाळत होतो. त्या सहज म्हणाल्या, "पक्याची आठवण अंगात कुठं येते गो तुला?" पक्या म्हणजे आमचे हे, प्रकाश. आठवण कधी येते हे सगळे विचारतात. कुठे येते हे कुणी विचारलं नव्हतं. मी उडवून लावणार होते, पण आत शोधलं आणि सापडलं. म्हणाले, "फासळ्यांच्या खाली, मागच्या बाजूला. श्वास अडतो तिथेच." त्यांनी मान हलवली. "मला तळपायांत येते. बांधावरनं अनवाणी पळायचो ना आम्ही. तो पुढं, मी मागं. परवा ओल्या गवतावर पाय पडला आणि रडूच आलं." एवढं सांगून त्यांनी चटईला दोरी बांधली. मला रड म्हणाल्या नाहीत. कधीच म्हणाल्या नाहीत.

आजारही त्यांनी स्वतःच शोधला. "डाव्या कुशीत, खोल, काहीतरी हाय. दुखत नाय. पण रोज जिथनं श्वास फिरून येतो, तिथं वळसा घालतो," म्हणाल्या. तपासण्यांत आधी काही निघालं नाही, मग निघालं ते बरं होण्यातलं नव्हतं. शेवटचे दिवस घरीच काढले. मी जाऊन पाय चेपत बसायचे. आमच्या शेवटच्या भेटीत त्या डोळे मिटून पडल्या होत्या, पण झोपेत नव्हत्या, ओठ मधूनच हलत होते. मी विचारलं, "काय चाललंय?"

"फिरतेय."

"कुठं?"

"अंगात. घर सोडताना बाई कशी सगळ्या खोल्यांतनं एकदा फिरून येते... नळ बंद हाय का, दिवा बंद हाय का. तसं." जरा दम खाऊन म्हणाल्या, "बोटांचे दिवे गेले बघ. घोट्याला अजून उजेड हाय."

मी म्हणाले, काहीतरीच काय बोलता, आणि जोरजोरात पाय चेपायला लागले. मग न राहवून विचारलं, "भीती वाटते का हो वन्सं?"

"वाटते ना. पण कुठं वाटते ते ठाऊक हाय." त्यांनी माझा हात धरून आपल्या गळ्याखाली ठेवला. माझ्या हाताखाली श्वास आला, गेला, आला. "घर ओळखीचं हाय गो. कशिशनं दाखवलं नसतं तर इतकी वर्षं राहून बिनओळखीच्या घरातनं निघाले असते." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "तुझी एक खोली बंद हाय, मंदे. किल्ली माझ्याकडं नाय."

त्या बाईला मला हे सांगायचं होतं. व्यायामाचा उपयोग काय, म्हणे!

तेराव्याला रूपालीने सगळ्यांना स्टीलच्या वाट्या दिल्या. गेलेल्या माणसाच्या नावाने भांडं द्यायची आपल्याकडे रीतच आहे, पण वाटीच द्यायची हे तिने ठरवलं होतं. वाटीच्या काठाखाली नाव कोरलेलं : 'कै. सुलभा यांच्या स्मरणार्थ'. माझ्या हातात देताना म्हणाली, "मामी, कात्रपचा क्लास आईंनी तुमच्यासाठीच काढला होता. बाकीच्या बायका निमित्ताला. म्हणायच्या, एकटीला बोलावलं तर मंदी यायची नाय." मी म्हणाले, "बरं." पुन्हा "बरं"! घरी येऊन ती वाटी मांडणीत पालथी घातली. तिच्यात आमटी घ्यायला हात धजेना, ते 'कै.' जेवताना डोळ्यांसमोर नको वाटे. रविवारचा वर्ग आता कशिश येऊन घेते. कदमकाकू बोलवायला येतात, मी काही ना काही कारण सांगते. आणि पाठ... पाठ पुन्हा धरायला लागली होती. कुठे धरते ते आता मला ठाऊक होतं. फासळ्यांच्या खाली, मागच्या बाजूला. आता तिथे दोघं जण होते.

परवा दुपारी जेवण झाल्यावर भांडी लावताना ती वाटी हाताला लागली. काय वाटलं कुणास ठाऊक, तिच्यात पाणी भरलं, घरातच बाहेरच्या खोलीत चटई टाकली आणि उताणी पडले. गुडघे दुमडले. बेंबीच्या खाली वाटी ठेवली आणि उशीवरून मान जराशी उचलून बघितलं. पाणी जिथल्या तिथे. पंखा फिरतोय, खाली कुणीतरी गाडी धुतंय, आणि माझ्या पोटावर वाटी कशी, अगदी ओट्यावर ठेवल्यासारखी. टाळ्या वाजवण्यासारखी. मी आपलाच तळहात शेवटच्या फासळीवर ठेवला, त्या ठेवायच्या तिथेच, आणि माझ्याच तोंडून त्यांच्या आवाजात आलं, "इथं घे. माझ्या हाताला लागू दे."

श्वास गेला. बोटभर गेला, दारापर्यंत गेला... मी त्याला परत बोलावलं नाही. आणि मला एकदम आमच्या ह्यांची पाठ दिसली. आंघोळ करून आले की ते दाराच्या चौकटीला पाठ घासायचे, म्हशीसारखी, आणि मी ओरडायचे, "अहो, रंग निघतोय दाराचा!" ती चौकट समोरच होती. खांद्याच्या उंचीवर तिचा रंग अजून उडालेलाच आहे. एवढी वर्षं मी रोज त्या दारातून ये-जा करत होते, आणि बघितलं नव्हतं. आधी हाताखालची फासळी हलली. मग पोटावरचं पाणी हललं, काठाशी गेलं, परत आलं, आणि मग जो हुंदका आला त्याने वाटीच उलटली. गार पाणी परकरात, पाठीखाली, चटईवर. मी रडले. तोंडावर पदर न घेता, खालच्यांना ऐकू जाईल असं, आधी ह्यांच्यासाठी, मग वन्संसाठी, मग कुणासाठी ते वेगळं राहिलं नाही. वाटी घरंगळत जाऊन चौकटीला लागली आणि तिथेच गोल गोल फिरून थांबली.

थोडं सांडलं तर पुसू, असं त्या म्हणाल्या होत्या. हे थोडं नव्हतं. पण मी पुसायला उठले नाही. तशीच ओल्यात पडून राहिले, हात फासळीवर ठेवून, आणि श्वास येत होता, जात होता, पार पाठीपर्यंत. मी छताकडे बघून मोठ्याने म्हटलं, "वन्सं, हलली."